एका मोलला जागा किती?

१९ एप्रिल २०२१ रोजी संध्याकाळी नवी मुंबईतल्या कळंबोलीहून एक मालगाडी सुटली. तिच्या सपाट वाघिणींवर सात टँकर चढवलेले होते, सगळे रिकामे. गाडी विशाखापट्टणमला पोचली, तिथल्या पोलाद कारखान्यात टँकर द्रवरूप ऑक्सिजनने भरले गेले आणि परतीच्या वाटेवर तीन टँकर नागपूरला उतरले, उरलेले चार नाशिकला. देशातली ही पहिली 'ऑक्सिजन एक्स्प्रेस'. कोविडची दुसरी लाट तेव्हा भरात होती. जिल्ह्याजिल्ह्यांतले अधिकारी ऑक्सिजनचे टन मोजत होते आणि रुग्णालयांतले कर्मचारी सिलिंडर.

त्या दिवसांत घरोघरी एकच प्रश्न होता. हवेत पाचातला एक भाग ऑक्सिजन आहे, कारखान्यांत तो तयार होतो, सिलिंडरही आहेत; मग अडलंय कुठे? उत्तराचा मोठा भाग नियोजनात आणि अंतरांत दडलेला होता. पण एक भाग निखळ रसायनशास्त्राचा होता. तेवढ्याच रेणूंना वायुरूपात किती जागा लागते आणि द्रवरूपात किती, यावर टँकरची ती सगळी धावपळ अवलंबून होती.

३२ ग्रॅम ऑक्सिजन घेऊ. उणे १८३ अंश सेल्सिअसच्या खाली तो फिकट निळा द्रव असतो आणि त्याला जेमतेम २८ मिलिलिटर जागा पुरते. तोच ऑक्सिजन खोलीच्या तापमानाला, नेहमीच्या हवेच्या दाबाखाली मोकळा सोडला की २४ लिटर जागा व्यापतो. साडेआठशे पटींहून जास्त! यात रेणू एकही वाढलेला नाही आणि एकही फुगलेला नाही. वाढलंय ते फक्त त्यांच्यामधलं अंतर.

आता टँकरचा हिशेब करू. एका टँकरमध्ये साधारण १५ टन द्रव ऑक्सिजन धरला, तर त्याचा वायू होईल सुमारे ११,००० घनमीटर. रुग्णालयात दिसणाऱ्या पुरुषभर उंचीच्या जम्बो सिलिंडरमध्ये ७ घनमीटर वायू दाबून भरलेला असतो. म्हणजे एक टँकर सुमारे सोळाशे जम्बो सिलिंडरांच्या बरोबरीचा. आणि मिनिटाला १० लिटर ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाला असा एक सिलिंडर पुरतो बारा तासांपेक्षाही कमी. शिवाय सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो नऊ किलोच्या आसपास, आणि त्याला सांभाळणारं पोलाद त्याच्या कितीतरी पट. १०० टन ऑक्सिजन सिलिंडरांतून न्यायचा म्हटला तर दहा हजारांहून जास्त सिलिंडर भरा, उचला, उतरवा. म्हणूनच सगळी मदार टँकरवर होती, आणि असे टँकर देशात मोजके होते. रिकामे टँकर हवाई दलाच्या विमानांत चढवून भरण्याच्या ठिकाणी नेले गेले ते त्यासाठीच.

वरच्या हिशेबात ३२ ग्रॅम हा आकडा सहज म्हणून घेतलेला नाही. ऑक्सिजनचं रेणुवस्तुमान ३२, म्हणून ३२ ग्रॅम ऑक्सिजन म्हणजे एक मोल. पाण्याचं रेणुवस्तुमान १८, तेव्हा १८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल. मिठाचा एक मोल साडेअठ्ठावन्न ग्रॅमचा, साखरेचा ३४२ ग्रॅमचा. वजनं वेगळी, पण प्रत्येक मोलमधल्या कणांची संख्या एकच: सुमारे ६०२ कोटी कोटी कोटी. कोटी हा शब्द इथे तीनदा आला आहे, ती छपाईची चूक नव्हे. एवढ्या कणांच्या गठ्ठ्याला जी जागा लागते, तिला त्या पदार्थाचं मोलार आकारमान म्हणतात. मोलचं वजन घ्यायचं, घनतेने भागायचं, की ते मिळतं. शाळकरी गणित आहे. मात्र या भागाकारातून जे बाहेर येतं ते चकित करणारं आहे.

स्थायू आणि द्रव पदार्थांत प्रत्येकाचा आकडा निराळा. लोखंडाच्या एका मोलला सुमारे ७ मिलिलिटर जागा लागते, सोन्याला १०, पाऱ्याला १५, पाण्याला १८, मिठाला २७, दारूतल्या अल्कोहोलला म्हणजे इथेनॉलला ५८, साखरेला २१६. हे साहजिकच आहे. कण मोठा, तर त्याला जागाही जास्त. पण वायूंकडे वळलं की ही विविधता एकदम नाहीशी होते. हायड्रोजन घ्या, नायट्रोजन घ्या, हायड्रोजनच्या सोळा पट जड रेणूंचा ऑक्सिजन घ्या. शून्य अंश सेल्सिअसला आणि एक वातावरण दाबाखाली प्रत्येकाचा मोल २२.४ लिटरच्या आसपास जागा घेतो.

कण मोठा की लहान, जड की हलका, याची जागेला जणू दखलच नाही. असं का व्हावं?

कारण वायूतली जागा रेणूंनी भरलेलीच नसते. साध्या हवेतला एक रेणू हरभऱ्याच्या दाण्याएवढा मानला, तर शेजारचा दाणा सरासरी सात-आठ सेंटिमीटर अंतरावर असतो, आणि मध्ये काही म्हणजे काही नसतं. हे दाणे स्थिर नाहीत, सतत धावतात, आपटतात. भांड्याच्या भिंतीवर त्यांच्या आपटण्याने जो रेटा बसतो तोच वायूचा दाब. तापमान सारखं असेल तर हलके रेणू वेगाने धावतात आणि जड रेणू सावकाश. खोलीच्या तापमानाला हायड्रोजनचे रेणू सेकंदाला सुमारे १.९ किलोमीटर वेगाने पळतात, तर ऑक्सिजनचे सुमारे ४८० मीटर वेगाने, म्हणजे चौथ्या हिश्शाने. वजनातली तूट वेग भरून काढतो आणि दोघांचा रेटा सारखाच पडतो. त्यामुळे वायूला किती जागा लागेल हे रेणू कोणाचा यावर ठरत नाही. ते ठरतं रेणू किती आहेत, तापमान किती आणि दाब किती, यांवर.

ही गोष्ट पहिल्यांदा कागदावर मांडली ती इटलीतल्या अमेदेओ अ‍ॅव्होगाड्रो यांनी, १८११ मध्ये. जन्म तूरिनचा, १७७६ मधला. घराणं वकिलांचं, शिक्षणही कायद्याचं. पुढे गणित आणि भौतिकशास्त्राची ओढ लागली आणि ते वेर्चेल्ली इथल्या महाविद्यालयात शिकवू लागले. त्यांच्यापुढे कोडं होतं ते गे-ल्युसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या प्रयोगांचं. गे-ल्युसॅक यांनी १८०८ मध्ये दाखवून दिलं होतं की वायू एकमेकांशी संयोग पावताना साध्या, पूर्णांकी प्रमाणात पावतात. दोन लिटर हायड्रोजन आणि एक लिटर ऑक्सिजन यांतून दोन लिटर वाफ तयार होते. हा आकडा त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांच्या घशाखाली उतरेना. ऑक्सिजनचा एक कण जर अखंड असेल, तर एका लिटरमधल्या कणांतून दोन लिटर वाफेचे कण कसे पुरे पडतील? प्रत्येक वाफेच्या कणाला ऑक्सिजनचा अर्धाच कण मिळेल, आणि अणू तर तुटत नाही. अणुसिद्धान्ताचे जनक जॉन डाल्टन यांनी गे-ल्युसॅक यांच्या मापनावरच शंका घेतली.

अ‍ॅव्होगाड्रो यांनी मापन खरं मानलं आणि कल्पना बदलली. समान तापमान व दाब असेल तर कोणत्याही वायूच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते, हे त्यांचं पहिलं विधान. आणि ऑक्सिजन, हायड्रोजन यांसारख्या मूलद्रव्यांचा रेणू एकाच अणूचा नसून जोडीचा असतो, तो दुभंगू शकतो, हे दुसरं. या दोन विधानांनी कोडं पूर्ण सुटतं. तरीही जवळपास पन्नास वर्षं त्यांच्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. एकाच मूलद्रव्याचे दोन अणू एकमेकांना धरून राहतील हे बर्झेलियस यांच्यासारख्या दिग्गज रसायनशास्त्रज्ञांना मान्य नव्हतं. संयोगासाठी विरुद्ध विद्युतभार हवेत, अशी त्यांची धारणा होती. विज्ञानाच्या इतिहासात दुर्लक्षाची उदाहरणं पुष्कळ आहेत, पण एवढं साधं, एवढं उपयोगी विधान अर्धशतक अडगळीत पडावं याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही. १८५६ मध्ये अ‍ॅव्होगाड्रो वारले तेव्हाही रसायनशास्त्रात गोंधळच होता. पाण्याचं सूत्र नेमकं काय लिहायचं यावरसुद्धा एकमत नव्हतं.

तो गोंधळ मिटवण्यासाठी सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथे रसायनशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे स्तानिस्लाओ कॅनिझारो यांनी अ‍ॅव्होगाड्रो यांची बाजू हिरिरीने मांडली आणि परिषद संपताना त्यांची एक पुस्तिका उपस्थितांच्या हाती पडली. वायूंची घनता मोजा, समान आकारमानांची तुलना करा, की रेणूंची वजनं आपोआप हाती येतात, हे तिच्यात स्वच्छ मांडलेलं होतं. परिषदेला आलेल्यांत तरुण मेंडेलीव्ह होते आणि लोथर मायरही. नऊ वर्षांनी मेंडेलीव्ह यांची आवर्तसारणी आली. मायर यांनी १८७० मध्ये दुसऱ्या वाटेने तीच रचना दाखवली: प्रत्येक मूलद्रव्याच्या घनरूपातल्या एका मोलला किती जागा लागते याचा त्यांनी आलेख काढला. आलेखाला लाटा होत्या, आणि प्रत्येक लाटेच्या माथ्यावर सोडियम, पोटॅशियम, सीझियम असे एकाच कुळातले मऊ धातू बसलेले होते. मूलद्रव्यांचं नातं जागेच्या हिशेबातूनही दिसतं, हे त्या एका चित्राने पटवलं.

१८६५ मध्ये व्हिएन्नात जोसेफ लॉश्मिट यांनी याच हिशेबातून रेणूचा आकार काढला. त्यांची युक्ती अशी: द्रवात रेणू एकमेकांना टेकून असतात, वायूत विखुरलेले. मग द्रवाचं आकारमान भागिले वायूचं आकारमान, या गुणोत्तराला रेणू दोन टकरींमध्ये किती अंतर जातो त्याची जोड दिली की रेणूचा व्यास मिळतो. द्रवरूप हवा तोवर कोणी पाहिलीही नव्हती. तिची घनता त्यांनी इतर द्रवांच्या मोलार आकारमानांवरून अंदाजली. उत्तर आलं सुमारे एक मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. खऱ्या व्यासापेक्षा ते तीनेक पट मोठं आहे, पण ज्या काळात रेणू असतात की नाही यावरच वाद चालू होता, त्या काळात हे केवढं धाडस!

२२.४ हा आकडा अकरावीच्या मुलांना तोंडपाठ असतो, पण त्याच्याभोवती एक घोळ आहे. १९८२ मध्ये रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आययूपीएसीने, प्रमाण दाब एक वातावरणाऐवजी किंचित कमी, म्हणजे एक बार, ठरवला. दाब कमी झाला की वायू थोडा पसरतो, म्हणून नवा आकडा २२.७ लिटर. दोन्ही आकडे आजही पुस्तकांत भेटतात आणि विद्यार्थी गोंधळतात. दोन्ही बरोबर आहेत, फक्त दाब वेगळा आहे. २५ अंशांना तर तो साडेचोवीस लिटरच्या घरात जातो. तापमान आणि दाब सांगितल्याशिवाय वायूचं मोलार आकारमान सांगणं अपुरंच.

शिवाय 'आसपास' हा शब्दही महत्त्वाचा. कार्बन डायऑक्साइडच्या मोलला शून्य अंशाला, एक वातावरणाखाली २२.४१ नव्हे तर २२.२६ लिटर जागा लागते. अमोनियाला त्याहूनही थोडी कमी. कारण रेणू एकमेकांना थोडं ओढतात आणि स्वतःही थोडी जागा अडवतात. या दोन दुरुस्त्या समीकरणात बसवल्या योहानेस व्हॅन डर व्हाल्स यांनी, १८७३ मध्ये लायडनच्या प्रबंधात. त्यांना १९१० चं नोबेल मिळालं.

रेणूंमधली ही ओढच वायूचा द्रव करते. पण त्यासाठी रेणूंची धावपळ पुरेशी मंदावायला हवी. बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये कार्बन डायऑक्साइडवर दाखवलं की ३१ अंशांच्या वर कितीही दाबलं तरी त्याचा द्रव होत नाही. प्रत्येक वायूला असं एक क्रांतिक तापमान असतं. आपल्या आजूबाजूच्या तीन सिलिंडरांतला फरक इथून समजतो. स्वयंपाकाच्या एलपीजीतल्या प्रोपेनचं क्रांतिक तापमान सुमारे ९७ अंश आणि ब्युटेनचं १५२ अंश. म्हणून माफक दाबातच लाल सिलिंडरमध्ये तो द्रव होऊन बसतो आणि सिलिंडर हलवला की आत डुचमळतो. रिक्षाच्या सीएनजीतला मिथेन मात्र उणे ८२ अंशांच्या वर द्रव होत नाही, म्हणून तो हवेच्या दोनशे पट दाबाने वायूच राहून ठासला जातो आणि त्याची टाकी जाडजूड लागते. ऑक्सिजनचं क्रांतिक तापमान उणे ११८ अंश. जम्बो सिलिंडरमध्ये तो वायू असतो. द्रव हवा असेल तर अतिथंड, दुहेरी भिंतीचा, उष्णतारोधक टँकरच हवा. दुधाचा किंवा पेट्रोलचा टँकर धुऊन तिथे चालत नाही.

द्रवांचं वागणं तर आणखी नाजूक. शाळेच्या प्रयोगशाळेत करून बघण्याजोगा एक प्रयोग आहे. एका मोजपात्रात ५० मिलिलिटर पाणी घ्यायचं, दुसऱ्यात ५० मिलिलिटर शुद्ध इथेनॉल. दोन्ही एकत्र ओतायचे. पात्र हाताला कोमट लागतं, बारीक बुडबुडे उठतात आणि निवल्यावर पातळी १०० वर न येता ९६-९७ च्या रेघेपाशी थांबते. सांडलं काही नाही, उडालंही नगण्य. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून थोडी सैल, पोकळ वीण तयार करतात. इथेनॉलचे रेणू त्या विणीत शिरतात, नवे बंध जुळतात आणि सगळे मिळून कमी जागेत बसतात. भरपूर पाण्यात थोडं इथेनॉल टाकलं तर त्याचा मोल ५८ ऐवजी सुमारे ५५ मिलिलिटरच जागा वाढवतो. मेंडेलीव्ह यांचा १८६५ चा डॉक्टरेटचा प्रबंध पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणावरच होता. मॅग्नेशियम सल्फेट तर कमालच करतं. भरपूर पाण्यात त्याचं निर्जल मीठ किंचितसं विरघळवलं की एकूण आकारमान वाढायच्या ऐवजी घटतं. त्याचे विद्युतभारित कण भोवतालच्या पाण्याच्या रेणूंना इतक्या जोराने जवळ खेचतात, की स्वतःला लागलेल्या जागेपेक्षा जास्त जागा वाचवतात.

पाण्याची ती सैल वीण बर्फात आणखी उघडी होते. १८ ग्रॅम पाण्याला १८ मिलिलिटर पुरतात, त्याच्या बर्फाला साडेएकोणीसहून जास्त लागतात. फ्रीझरमध्ये विसरलेली काचेची बाटली तडकते ती यामुळेच.

स्थायूच्या मोलार आकारमानाचं सर्वांत मोठं काम आपल्या काळात झालं. २० मे २०१९ पर्यंत जगातला किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ तिजोरीत ठेवलेलं एक धातूचं वजन होतं. त्याची गरज संपवायची तर कणांची संख्या अचूक मोजायला हवी होती. त्यासाठी सिलिकॉनचे एक किलोचे गोळे बनवले गेले. रशियात सिलिकॉन-२८ हा समस्थानिक वेगळा काढला, बर्लिनमध्ये त्याचा स्फटिक वाढवला आणि ऑस्ट्रेलियात घासूनपुसून ९.४ सेंटिमीटरहून किंचित कमी व्यासाचे, मानवाने बनवलेल्या सर्वांत गोल वस्तूंपैकी असे गोळे घडवले. सिलिकॉनच्या स्फटिकातल्या एका घनाकृती घरात आठ अणू असतात. त्या घराची बाजू क्ष-किरणांनी मोजली, गोळ्याचं आकारमान लेसरने मोजलं. मोलार आकारमान सुमारे १२.०६ घन सेंटिमीटर. त्याला एका अणूच्या वाट्याच्या जागेने भागलं की मोलमधल्या अणूंची संख्या येते. या मापनाने आणि वजन विद्युतबलाशी तोलणाऱ्या किबल तराजूच्या स्वतंत्र मापनाने मिळून नव्या व्याख्यांचा पाया घातला, आणि अ‍ॅव्होगाड्रो अंक ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात असा कायमचा ठरला. स्फटिकातल्या त्या घराची बाजू मोजण्याचं काम झालं ते तूरिनमधल्या संस्थेत, अ‍ॅव्होगाड्रो यांच्याच गावात.

एवढ्या उंचीवरचं हे शास्त्र रोजच्या स्वयंपाकघरातही तितकंच खरं आहे, आणि तिथे ते जिवाशी गाठ घालतं. एलपीजी द्रवाचा वायू होताना सुमारे अडीचशे पट पसरतो. १४.२ किलोच्या भरलेल्या सिलिंडरमधून साडेसहा घनमीटरच्या आसपास वायू निघतो. हवेत तो जेमतेम दोन टक्के मिसळला तरी ठिणगीने भडकू शकतो. आठ बाय दहा फुटांच्या, दहा फूट उंच स्वयंपाकघरासाठी हे प्रमाण गाठायला एक किलोपेक्षा कमी गॅस पुरतो. प्रत्यक्षात त्याहूनही पुष्कळ कमी, कारण गळलेला एलपीजी खोलीभर सारखा पसरत नाही. समान आकारमानात समान रेणू, म्हणून ज्याचा मोल जड तो वायू जड. हवेचा मोल २९ ग्रॅमचा, प्रोपेनचा ४४, ब्युटेनचा ५८. एलपीजी खाली बसतो, ओट्याखाली आणि फरशीलगत साचतो. नळाने येणारा गॅस मात्र मुख्यतः मिथेन, मोल १६ ग्रॅमचा. तो वर चढतो आणि छताखाली जमतो.

मुंबई-पुण्यात अनेक घरं सिलिंडर सोडून पाइपच्या गॅसवर येत आहेत, काही घरांत दोन्ही आहेत. तेव्हा आपल्याकडे कोणता गॅस आहे हे घरातल्या प्रत्येकाला, लहान मुलांना आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही, सांगून ठेवा. एलपीजीसाठी फरशीजवळची झडप किंवा जाळी मोकळी हवी, पाइपच्या गॅससाठी छताजवळची. वास आला की रेग्युलेटर किंवा कॉक बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं कोणतंही बटण ना चालू करा ना बंद, आणि बाहेर जाऊन फोन करा. पाइपच्या गॅससाठी आपल्या गॅस कंपनीचा आपत्कालीन क्रमांक दाराजवळ लिहून ठेवा. एलपीजीच्या गळतीसाठी देशभर १९०६ हा क्रमांक आहे आणि तो चोवीस तास चालू असतो.